जिवंत जनावर हीच पुंजी : लडाखचा हिमबिबट्या आणि त्याच्यावर उभा राहिलेला रोजगार

व्यापार म्हटला की माल आला, वजनकाटा आला, उधारी-वसुली आली. परंतु असाही एक धंदा आहे की ज्यात गिऱ्हाईक हजारो रुपये मोजते आणि जाताना हातात काहीही घेऊन जात नाही. त्याने पैसे दिलेले असतात ते केवळ एक रानटी जनावर पाहण्यासाठी, आणि तेही दिसेलच अशी हमी कोणी देत नाही. तरीही गिऱ्हाईक येते, पुन्हा येते, आणि आपल्या चार मित्रांनाही पाठवते.

लडाखमध्ये हिमबिबट्याच्या दर्शनाभोवती असा धंदा गेल्या वीस-बावीस वर्षांत उभा राहिला आहे. आमचे पुष्कळ वाचक हातावर पोट असलेले कारागीर आणि छोटे व्यापारी आहेत. त्यांना वाटेल, या बर्फातल्या जनावराशी आपला काय संबंध? संबंध आहे. पुंजी कशाला म्हणावी, तिचे भाडे खावे की पुंजीच खाऊन टाकावी, आणि नफ्यात कोणाला वाटेकरी करावे, हे प्रश्न प्रत्येक धंद्यात असतात. लडाखमध्ये त्यांची उत्तरे स्वच्छ पाहावयास मिळतात.

मुलूख आणि जनावर

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पाऊस नाममात्र, झाडे विरळ, आणि हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. जोजिला घाट बर्फाने अडला की बाहेरच्या जगाशी भरवशाचा दुवा म्हणजे विमान. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लेह आणि कारगिल मिळून लडाख हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

हिमबिबट्या जगातील बारा देशांच्या उंच डोंगरांत आढळतो. भारतात त्यांची पद्धतशीर मोजणी २०१९ ते २०२३ या काळात झाली. तिचा आकडा जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, तो ७१८. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत, म्हणजे दर तिनांतले जवळजवळ दोन. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८१ साली झाली आणि त्याचा विस्तार सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. रुंबक हे गाव याच उद्यानात वसलेले आहे. आजमितीस हिमबिबट्या पाहण्यासाठी येणाऱ्यांच्या तोंडी रुंबकचे, तसेच शाम भागातील उले या गावाचे नाव असते.

या जनावराचा रंग खडकासारखा राखाडी, त्यावर धूसर ठिपके, आणि शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. शंभर पावलांवर बसला तरी नवख्याला दिसत नाही. माणसाच्या वाटेस तो सहसा जात नाही. त्याचे मुख्य खाद्य म्हणजे भरल नावाची रानमेंढी आणि डोंगरी आयबेक्स. जानेवारी ते मार्च हा त्याचा विणीच्या जोडीचा काळ. शिवाय त्या महिन्यांत भरलांचे कळप खाली उतरतात आणि त्यांच्या मागे तोही उतरतो. म्हणून या धंद्याचा हंगाम ऐन कडाक्याच्या थंडीतला. पूर्वी हेच महिने लडाखमध्ये संपूर्ण बेकारीचे असत. हॉटेले बंद, मोटारी उभ्या, वाटाडे घरी बसलेले. आता त्यांतही काहींना काम मिळते.

वाटाड्यांची जुनी परंपरा

लडाखला वाटाड्याचा आणि मुक्कामाचा धंदा नवा नाही. लेहहून काराकोरम खिंडीतून यारकंदला जाणारे व्यापारी तांडे शतकानुशतके चालत होते. रेशीम, गालिचे, चहा, मसाले, रंग यांची ने-आण होई, आणि या व्यापारात लेह व कारगिलच्या मुस्लिम घराण्यांचा मोठा वाटा होता. कारगिलच्या मुन्शी अझीझ भट यांनी १९२० च्या सुमारास तेथे सराई बांधली. तिच्यातील मालाचे नमुने व कागदपत्रे त्यांच्या वंशजांनी आज संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

लेहच्या गुलाम रसूल गलवान यांचे उदाहरण तर फार बोलके आहे. गरीब घरातील हा मुलगा लहान वयातच युरोपीय प्रवाशांबरोबर हमाल म्हणून निघाला. मेहनत, वाटांची माहिती आणि सचोटी यांच्या बळावर तो तांड्यांचा प्रमुख झाला, पुढे लेहमध्ये अक्सकल या व्यापारी अधिकाऱ्याच्या पदापर्यंत पोहोचला. त्यांचे आत्मचरित्र १९२३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. गलवान नदीला त्यांचेच नाव आहे. चीनमधील सत्तांतरानंतर, १९४९ च्या सुमारास, यारकंदचा मार्ग बंद झाला आणि तांड्यांवर जगणारी शेकडो कुटुंबे उघडी पडली. १९७४ साली सरकारने लडाख पर्यटकांसाठी खुले केले. त्या वर्षी अवघे ५२७ पर्यटक आले. २०२२ साली हा आकडा पाच लाखांच्या वर गेला.

गावाच्या वाट्याला काय येत होते?

आकडे वाढले म्हणून गाव सुखी झाले असे मात्र झाले नाही. पायी फिरणाऱ्या पर्यटकांना घेऊन येणारे एजंट तंबू, स्वयंपाकी, डबाबंद खाद्य, सगळे लेहहून आणत. गावाच्या शेतात तंबू ठोकत, गावाच्या ओढ्याचे पाणी वापरत आणि कचरा मागे ठेवून जात. गावकऱ्याच्या हाती जागेचे किरकोळ भाडे पडे.

दुसऱ्या बाजूला नुकसान सगळे त्याचेच. हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या वाड्यात उतरला की घाबरून सैरावैरा धावणारी जनावरे पाहून तो एकावर थांबत नाही. सकाळी मालकाला अर्धा कळप मेलेला दिसे. ज्याची वर्षाची कमाई एका रात्रीत गेली त्याने फासा लावला किंवा दगडांनी जनावर ठेचले, तर त्याला दोष देणे शहरातल्या माणसाला सोपे आहे. पाहुणा बिबट्यासाठी पैसे देतो, ते पैसे लेहच्या आणि दिल्लीच्या एजंटाकडे जातात, आणि बिबट्याला पोसतो तो मेंढपाळ. असा हिशोब फार दिवस चालत नाही.

हा हिशोब बदलण्याचे काम २००२ च्या सुमारास सुरू झाले. स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने आणि तिचे लडाखमधील कार्यकर्ते रिंचेन वांगचुक (निधन २०११) यांनी गावकऱ्यांशी बसून बोलणी केली. त्यातून दोन साधी कामे निघाली. पहिले, मेंढ्यांच्या वाड्यांना वरून लाकूड व जाळीचे छत घालणे आणि दार पक्के करणे, म्हणजे बिबट्या आत उतरणारच नाही. दुसरे, पाहुण्यांना तंबूत न ठेवता गावातल्या घरातच उतरवणे.

घरगुती मुक्कामाची रचना

या दुसऱ्या कामाची मांडणी आमच्या व्यापारी बांधवांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. घरातील एक स्वच्छ खोली, जमिनीवर गाद्या, घरचेच जेवण आणि लडाखी पद्धतीचा कोरडा संडास, एवढेच भांडवल. नवीन इमारत नको, मोठे कर्ज नको. पाहुणे कोणत्या घरी जातील हे पाळीने ठरते. त्यामुळे रस्त्यालगतच्या किंवा बोलक्या माणसाच्याच घरी गर्दी होत नाही आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भाव पाडण्याची चढाओढ लागत नाही. दर सर्वांचा एक. पैसे बहुतेक घरच्या बाईच्या हाती पडतात, आणि ती ते मुलांच्या शाळेसाठी, घरासाठी जपून वापरते. उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा गावाच्या निधीत जातो. त्यातून कचरा, पायवाटा, चराऊ कुरणे आणि जनावरांची देखभाल अशी कामे होतात.

परिणाम असा की ज्या घरात बिबट्या म्हणजे चोर होता त्याच घरात तो आता पाहुणे आणणारा झाला. मेंढी मेली तर दुःख होतेच. पण बिबट्या नाहीसा झाला तर खोली रिकामी राहील, हेही त्या घराला कळते. उपदेशाने जे काम झाले नसते ते हिशोबाने झाले.

काम चालते कसे?

हिमबिबट्या पाहण्याचा दौरा साधारणपणे दहा-बारा दिवसांचा असतो. पहिले दोन दिवस लेहमध्ये सक्तीची विश्रांती. विरळ हवेची सवय झाल्याशिवाय डोंगर चढणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, आणि प्रसंगी फुप्फुसांत पाणी भरण्याचा जीवघेणा आजार होतो. खर्च वाचवण्यासाठी हे दोन दिवस कापणारा आयोजक पाहुण्याच्या जिवाशी खेळत असतो.

गावात पोहोचल्यावर खरे काम माग काढणाऱ्यांचे. ही माणसे गावातलीच. उजाडण्यापूर्वी ती धारेवर जाऊन बसतात आणि तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीने समोरचा डोंगर इंचाइंचाने तपासतात. ताजे ठसे, जमिनीवर ओरबाडलेल्या खुणा, खडकावर शिंपडलेल्या मूत्राचा वास, विष्ठा, हे सारे ते वाचतात. भरलांनी शीळ घालून इशारा दिला किंवा एखाद्या घळीत गिधाडे व मॅगपाय पक्षी जमले, की शिकार जवळ आहे असे ताडतात. मग वॉकीटॉकीवर निरोप जातो आणि पाहुणे हळूहळू वर चढतात. जनावर बहुधा एक किलोमीटर किंवा त्याहून दूर असते, आणि तासन्‌तास निजलेलेच असते. हे पाहुण्याला आधीच सांगितले पाहिजे. सिनेमातल्यासारखे समोर उभे राहील असे सांगून पैसे घेणे हा धंदा नव्हे, फसवणूक होय.

यात रोजगार किती निर्माण होतो ते पाहू. समजा आठ पाहुण्यांचा गट दहा दिवसांसाठी आला. त्याला एक जाणता मार्गदर्शक, तीन माग काढणारे, एक स्वयंपाकी, दोन मदतनीस आणि दोन चालक लागले. म्हणजे आठ पाहुण्यांमागे नऊ माणसांना काम, आणि दहा दिवसांचे मिळून नव्वद दिवसांचे वेतन. आठ रात्री गावात राहिल्यास चौसष्ट मुक्कामांचे पैसे गावातील घरांना, ते वेगळे. आणि हे सारे जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा शेतात काही उगवत नाही.

कारागिरांचाही यात वाटा आहे. खोलीत पत्र्याची शेगडी, म्हणजे बुखारी, लागते. ती पत्राकाम करणारा बनवतो. दारे-खिडक्या आणि चौरंग सुताराकडून येतात. लडाखी लाकडी कोरीवकामाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हेमिस उद्यानाच्या वाटेवरील चिलिंग हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. तेथली पळी किंवा किटली पाहुणा आठवण म्हणून घेतो. गावातल्या बायका लोकरीच्या नमद्यातून छोटे बिबटे, मेंढ्या करून विकतात. कारगिलचे जर्दाळू सुकवून, डबीत भरून चांगल्या भावाने जातात. त्यांच्या ‘रक्त्से कार्पो’ या जातीला २०२२ साली मानांकन मिळाले. पाहुणा जनावर घेऊन जाऊ शकत नाही, म्हणून त्या मुलुखाची काही ना काही वस्तू घेऊन जातो. कारागिराने ही मानसिकता ओळखली पाहिजे.

शहातूशचा धडा

जनावर जिवंत ठेवून खाण्याऐवजी मारून खाल्ले तर काय होते, याचेही उदाहरण याच मुलुखात आहे, आणि ते कारागिरांच्या काळजाला भिडणारे आहे. तिबेटच्या पठारावर चिरू नावाचे हरीण असते. उन्हाळ्यात त्याचे काही कळप लडाखच्या उत्तर टोकालाही येतात. त्याच्या अंगावरील अतितलम लोकर म्हणजे शहातूश. श्रीनगरचे विणकर तिच्या शाली विणत, आणि त्यांच्या हाताला जगात तोड नव्हती.

ही लोकर झुडपांना अडकलेली वेचून आणतात, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाई. वास्तविक चिरूला मारल्याशिवाय ती मिळत नाही. प्राणीशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी तिबेटमधील पाहणीतून ही गोष्ट जगापुढे आणली. एका शालीसाठी तीन ते पाच जनावरे जात. १९७९ पासून चिरूच्या कोणत्याही भागाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि २००२ साली जम्मू-काश्मीरच्या कायद्यानेही ती पक्की केली. बंदी आली तेव्हा विणकराने जनावर मारले नव्हते, कदाचित पाहिलेही नव्हते. मोठा नफा मधल्यांनी खाल्ला होता. तरी चूल विझली ती विणकराची आणि सूत काढणाऱ्या बायकांची.

याच्या शेजारी पश्मिना ठेवून पाहा. चांगथांग पठारावरील शेळीची लोकर उन्हाळ्याच्या सुरुवातीला फणीने विंचरून काढतात. शेळी जिवंत राहते, पुढच्या वर्षी पुन्हा देते. काश्मिरी पश्मिन्याला २००८ साली आणि लडाखच्या पश्मिन्याला २०२३ साली मानांकन मिळाले. तोच मुलूख, तशीच बोटे, तसाच माग. एक धंदा बेकायदा होऊन बुडाला, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कच्चा माल कोठून आणि कसा येतो हे विचारणे कारागिराच्या हिताचे आहे. ‘मला काय त्याचे’ म्हणणाऱ्याला त्याची किंमत शेवटी स्वतःच मोजावी लागते.

धोके कोणते?

हिमबिबट्याचा धंदाही निर्धोक नाही. पहिला धोका गर्दीचा. एक जनावर दिसले की चार गटांचे कॅमेरे तेथे लोटतात, कोणी जवळ जाण्याचा हट्ट धरतो, आणि शिकारीवर बसलेला बिबट्या उपाशी उठून जातो. अंतर राखणे, आमिष न ठेवणे आणि गडबड न करणे हे नियम पाळले नाहीत तर जनावर ते खोरे सोडील आणि गावचा हंगाम जाईल.

दुसरा धोका कचऱ्याचा. हॉटेले आणि छावण्यांच्या उकिरड्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. त्यांच्या टोळ्या आता रानातील जनावरांवर आणि मेंढ्यांवर हल्ले करतात. काळ्या मानेचा क्रौंच हा लडाखचा मानाचा पक्षी. पाणथळीतील त्याच्या अंड्या-पिलांनाही त्यांच्यापासून भय आहे.

तिसरा धोका एकाच उत्पन्नावर विसंबण्याचा. २०२० साली करोनाची साथ आली, त्याच वर्षी गलवान खोऱ्यात सीमेवर चकमक झाली आणि पाहुणे थांबले. ज्यांनी शेती आणि मेंढ्या सोडल्या नव्हत्या त्यांचे निभावले. कर्ज काढून मोठी हॉटेले बांधणाऱ्यांना हप्त्यांनी गाठले. तांड्यांचा मार्ग बंद झाला तेव्हाही असेच घडले होते.

आमच्या वाचकांसाठी

लडाखमध्ये आता हे काम बौद्ध गावांपुरते राहिलेले नाही. द्रास आणि सुरू खोऱ्याकडे, जेथे वस्ती मुख्यतः मुस्लिम आहे, तपकिरी अस्वल पाहण्यासाठी लोक जाऊ लागले आहेत. १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेले आणि २०१० साली पर्यटकांना खुले झालेले तुर्तुक हे बाल्टी मुसलमानांचे गाव जर्दाळूच्या बागांतील घरगुती मुक्कामासाठी नावाजले आहे. प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांनी आपल्या गिऱ्हाइकांना तिकडे नेताना थेट गावाशी व्यवहार करावा. हलाल जेवणाची आणि नमाजच्या जागेची सोय तेथे मागावी लागत नाही, ती असतेच.

आपल्या महाराष्ट्रातही याचा एक छोटा नमुना आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम गावकऱ्यांच्या साथीने केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांनी त्यांना जेवण व निवारा दिला. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी होई ती आज गावाची कमाई आहेत. किनाऱ्यावरच्या आणि जंगलाकाठच्या आमच्या बांधवांनी आपल्या गावात असे काय आहे याचा विचार करावा.

मात्र सुरुवात करताना काही गोष्टी पक्क्या धराव्यात. जनावराचे नुकसान जो सोसतो त्याला नफ्यात पहिला वाटेकरी करावे. दर एक ठेवावा आणि पाळी पाळावी. दर्शनाची खोटी हमी देऊ नये. वन खात्याची परवानगी आणि नियम यांत पळवाट शोधू नये. कर्ज काढून इमारत उभारण्याआधी असलेली एक खोली स्वच्छ करून पाहावी. आणि जुना धंदा एकदम सोडू नये. नव्याला त्याच्या जोडीने वाढू द्यावे.

रुंबकच्या मेंढपाळाने मोठ्या शाळेत अर्थशास्त्र शिकलेले नाही. तरी दरवर्षी भाडे देणारी वस्तू कोणी मोडीत विकत नाही, हे त्याला नेमके समजले आहे. आमच्या पेठांतून हा हिशोब जितक्या लवकर समजेल तितके बरे.